आमच्या टाकीचं काळं

काकांच्या पुढ्यात चहा ठेवला की ते आधी कपाला हाताची उलटी बाजू लावायचे, मग डोळे बारीक करून वाफेकडे बघायचे आणि म्हणायचे, "कच्चा आहे, सेक्रेटरीबाई. अजून एक उकळी हवी होती." दुसऱ्याच्या घरचा चहा आणि वर त्याला नावं! मी तणतणत कप आत न्यायचे आणि उकळी काढून परत आणून ठेवायचे. करणार काय, अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझ्याशी न भांडता बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

सगळी नोकरी त्यांनी एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरपुढे काढली होती. बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलेलं, त्याला रोज उदबत्ती. देव बिचारे फ्रिजवर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नाशिकला. रिटायर झाले तरी खाकी शर्ट काही सुटला नव्हता. जगात तीनच प्रकारची माणसं असतात म्हणायचे: कच्ची, शिजलेली आणि करपलेली. आमचे चेअरमन करपलेले. मी कच्ची. "मग शिजलेलं कोण हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बघतोय. अजून भेटलं नाही."

आमची बिल्डिंग उमेळे गावाच्या बाजूला, एका वाडीचे दोन तुकडे होऊन त्यातल्या एका तुकड्यावर उभी राहिलेली. दुसऱ्या तुकड्यात अजून केळी, चाफा, नारळ होते. मधे पत्र्याचं कुंपण. नव्वदनंतरची ती वर्षं, सगळीकडे हेच चाललं होतं. गटारलाइन वगैरे काही भानगड नव्हती. सगळ्या बिऱ्हाडांचं जे काय असेल ते मागच्या सेप्टिक टँकमध्ये. बिल्डरने वरचे दोन मजले मागाहून चढवले, टाकी मात्र पहिल्या हिशेबाचीच राहिली. काका तळमजल्यावर, आणि टाकीची झाकणं नेमकी त्यांच्या मागच्या गॅलरीखाली. त्यांना टाकीची इतकी माहिती झाली होती की ते जिन्यात उभे राहून सांगायचे, "चौथ्या मजल्यावर कोणीतरी ॲसिड ओततंय. टाकी मरेल अशाने." चौथ्या मजल्यावरच्या बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी काय केलं होतं? पण सेक्रेटरी मी. सेक्रेटरी कशी झाले तेही ऐका: मीटिंगमध्ये चहा द्यायला गेले आणि पद घेऊन परत आले.

सेक्रेटरी होऊन सहाएक महिने झाले असतील. श्रावणात एका सकाळी मी जिन्याखाली पावत्या फाडत बसले होते, तर समोर पत्र्यापलीकडच्या वाडीवाल्या काकू. काटक बाई, कमरेला कोयता, डोक्यावर कळशी. त्यांनी कळशी माझ्या टेबलावर आदळली.

"पी," म्हणाल्या.

"काय हे, काकू?"

"माझ्या बावखलातलं पाणी. पी, बाय, पी. लाजू नको."

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावर वाडी जगते. आमची टाकी पावसात भरून वाहत होती आणि ते सगळं पत्र्याखालून काकूंच्या बावखलात उतरत होतं. मी कळशीत डोकावले आणि पावतीपुस्तक उचलून लांब धरलं. काकूंनी मग त्यांच्या घरच्या बोलीत तोंड सोडलं. त्यातलं मला अर्धंच कळलं, पण तेवढं पुरेसं होतं. शेवटी दमून पायरीवर बसल्या आणि आमच्यासारख्या बोलल्या. नवरा वर्षापूर्वी गेला. विहीर मचूळ झालीय. केळी बोटाएवढी येतात. मुलगा बँकेत नोकरीला, त्याच्याकडे दर रविवारी बिल्डरचा माणूस येऊन बसतो. "पोरगा म्हणतो, आई, माती मेली, विकून टाकू. मी म्हटलं, मला दोन पावसाळे दे. दोन पावसाळ्यांत वाडी उभी राहिली नाही तर विक, मी सही करते. आणि तुम्ही हे सोडता माझ्यात!"

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मागून काका आले. त्यांनी कळशीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. मीही मिटले, वेगळ्या कारणाने.

"ह्याला शिजवलं पाहिजे," काका म्हणाले.

"हा कोण खुळा?" काकूंनी मला विचारलं.

खुळाच तो. पण खुळ्याच्या डोक्यात एक पक्की गोष्ट होती. काका मूळचे तळकोकणातले. तिकडे भात पेरायच्या आधी शेताच्या एका तुकड्यावर शेण, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, पालापाचोळा रचतात, वरून माती पसरतात आणि आग लावतात. ती आग भडकत नाही, मातीखाली कोंडून धुमसत राहते. तिथलं रोप बाकीच्यापेक्षा हातभर वर. लहानपणी त्यांनी ती जागा उकरून बघितली होती. "राख नव्हती, बाई. राख वरवर. आत काळं होतं. कोळशाचा चुरा. वारा मिळाला की राख होते, वारा नाही मिळाला की काळं होतं. आणि काळं मातीत राहतं, माझ्या आज्याने भाजलेलं मी उकरलंय." आता त्याला बायोचार म्हणतात, मोठमोठे लोक त्याच्यावर बोलतात. काका म्हणायचे, काळं. त्यांचं म्हणणं एवढंच, की शेणाचं होतं तर आमच्या टाकीतल्या गाळाचं का होणार नाही?

चेअरमनला पटवायला मला तीन मीटिंगा लागल्या. खरं सांगायचं तर पटवलं नाही, दमवलं. तोवर टँकर टाकी उपसून न्यायचा आणि कुठे ओतायचा ते कोणी विचारत नव्हतं. बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी बावखलात. होळीनंतर काकांनी टँकरवाल्याला बिल्डिंगच्या मागेच थांबवलं. विटांचे कट्टे, आत वाळू, त्याच्यावर गाळ पसरला आणि पाणी निथळायला परत टाकीकडे चर. पहिले आठ दिवस सगळ्या बिल्डिंगने खिडक्या लावून घेतल्या आणि मला ज्या शिव्या पडल्या त्या मी माहेरीसुद्धा सांगितल्या नाहीत. मग ऊन लागलं. अक्षय तृतीयेपर्यंत गाळाच्या गोवरीसारख्या खपल्या झाल्या. गमबूट आणि रबरी हातमोजे घालून काका त्या खपल्या निवडत बसायचे. प्लॅस्टिक, पुड्या, काचा, सगळं बाजूला. एकदा एक चांदीचं जोडवं निघालं. काकांनी ते विस्तवातून काढलं, चिंचेने घासलं आणि दारोदार विचारत फिरले. ज्यांचं होतं त्या "आमचं नाहीच" म्हणाल्या. काका म्हणाले, "विस्तवातून गेलं की सगळं सारखंच, बाई. घ्या." त्या बाईंनी दार लावून घेतलं.

तुळिंजच्या भंगारवाल्याकडून दोन ड्रम आणले, एक मोठा, एक लहान. लहानात खपल्या ठासून वर झाकण, झाकणाला चिखलाचा लेप. तो मोठ्यात ठेवायचा आणि दोन्हींच्या मधल्या फटीत जळण पेटवायचं. लहान ड्रमच्या बुडाशी भोकं, म्हणजे आतून सुटणारा धूर तिथून बाहेर येऊन खालीच जळणार. "धूर म्हणजे चोरी," काका म्हणायचे. "जळायचं सोडून पळतो तो." आधी पांढरा धूर, ते पाणी. मग पिवळट, ते कच्चं. मग भोकांतून निळसर जाळ फुरफुरायला लागायचा आणि काका स्टुलावर ताठ बसायचे, जसं पोर पहिलं पाऊल टाकतंय. जाळ आपोआप विझला की झालं. पण झाकण उघडायचं दुसऱ्या दिवशी, गार झाल्यावर. पहिल्या खेपेला चेअरमनसाहेब आले आणि "बघू तरी काय झालंय" म्हणून त्यांनी गरम झाकण काठीने उचकटलं. भक्कन वारा आत गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत सगळ्याची पांढरी राख. काका घरात गेले आणि दोन दिवस बाहेर आले नाहीत. म्हणून मी पुढे ड्रमपाशी पाटी लावली: झाकणाला हात लावणाऱ्याचं पाणी बंद. सेक्रेटरीच्या हातात तेवढंच असतं.

पहिल्या पावसाळ्यात काकूंनी कुंपणालगतची केळींची एक रांग दिली. काकांनी काळं कोरडंच मातीत कालवलं. महिन्याभरात केळी पिवळी पडली. बाकीची निदान हिरवी तरी होती, ही कावीळ झाल्यागत. काकू पत्र्यावरून डोकं काढून म्हणाल्या, "ओ भट्टीवाले, दोनातला एक पावसाळा खाल्लात तुम्ही माझा." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. काका चार दिवस त्या रांगेत उकिडवे बसून होते. पाचव्या दिवशी माझ्याकडे चहाला आले आणि कपाला हात न लावताच बोलायला लागले. "चूक कळली, सेक्रेटरीबाई. काळं उपाशी असतं. उपाशी पाहुणा घरात घेतला, तो आधी स्वतःच जेवणार. केळींचं त्याने खाल्लं. त्याला आधी आपण जेवू घालायला पाहिजे होतं."

पुढच्या उन्हाळ्यात काळं आधी शेणकाल्यात आणि गोमूत्रात महिनाभर भिजत पडलं. मग ते मातीत गेलं. इकडे टाकीतलं वरचं पाणी जिरवायला खड्डा खणला, बावखलात जाणं थांबलं. आणि त्या दुसऱ्या पावसाळ्यात, काय सांगू, कुंपणालगतच्या रांगेने अशी काही उसळी घेतली की पानं पत्र्यावरून आमच्याकडे डोकवायला लागली. रुंद, कोवळी, फाटकी कुठे नाही. उघडीप पडली तरी तिथली माती ओली. काकू रोज सकाळी मूठभर माती उचलून पिळायच्या आणि परत टाकायच्या. चार ठिकाणची पानांची ऑर्डर त्यांना आली, एका देवळाची आणि एका मंगल कार्यालयाचीही. मुलगा रविवारी बिल्डरच्या माणसाला "नंतर या" म्हणायला लागला.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग आमच्या गणपतीत सत्यनारायण आला. महाप्रसादाला काकूंनी आपणहून पानं पाठवली. बिल्डिंगची सगळी माणसं पॅसेजमध्ये रांगेने बसलेली, मसालेभात, जिलबी, भाजी वाढून झालेली. नवा माइक होता. आभार मानायला कोणीतरी काकांच्या हातात दिला. कोणी दिला ते मला आजही शोधून काढायचंय.

काका म्हणाले, "मंडळी, जेवताना एकदा पानाकडे बघा. कसलं पान आहे! हे आपलंच आहे. आपण सगळ्यांनी टाकीत जे सोडलं, ते शिजवून ह्या केळीला घातलं. त्याचं हे पान. आनंद आहे!"

त्यांचे डोळे भरून आले होते हो. दोन वर्षांची मेहनत. त्यांना वाटलं टाळ्या पडतील. पण एका आजींनी तोंडाला पदर लावला आणि बेसिनकडे धावल्या. मग एकेक जण उठला. पानं मुडपली गेली, जिलबीसकट. आणि आता लिहिते, कारण लिहिल्याशिवाय हे पोटातून जाणार नाही: मीही मुडपलं. मी, जिने दोन उन्हाळे त्या ड्रमशेजारी उभं राहून निळा जाळ बघितला, जिला माहीत होतं की त्या काळ्यात कोळशाशिवाय काही उरत नाही. सगळ्यांच्या नजरेला भ्याले आणि भरलं पान मुडपलं. काका माइक धरून तसेच उभे होते. त्यांनी सगळ्यांची पानं बघितली. माझंही बघितलं.

गोष्ट फुटायला वेळ लागत नाही. चार दिवसांत देवळाचा निरोप आला, पानं नकोत. मग कार्यालयाचा. काकूंच्या मुलाला स्टेशनवर लोक थांबवून विचारायला लागले, "काय रे, केळ्याला काय घालता म्हणे?" त्याने घरी येऊन आईला सांगितलं, बस झालं, दोन पावसाळे झाले. पितृपक्ष सुरू होत होता म्हणून सही थांबली. पक्षात नवा व्यवहार कोण करतं? घटस्थापनेच्या दिवशी करार करायचा ठरला. काकूंनी शब्द दिला होता, त्या काय बोलणार?

काकांनी ड्रम भंगारवाल्याला द्यायला काढून ठेवले. माझ्याकडे चहाला यायचे बंद झाले. मी खाली गेले तर दार अर्धंच उघडून म्हणाले, "त्या माउलीचं घर मी जिभेने जाळलं, सेक्रेटरीबाई. चाळीस वर्षं आग सांभाळली आणि ही एवढी जीभ नाही सांभाळता आली." मग "तुमचंसुद्धा पान मुडपलेलं होतं," म्हणाले. मी "काका, चुकलं माझं," म्हणाले. ते "बरं," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पक्षाच्या नवव्या दिवशी काकू स्वतः आल्या. उद्या आमच्या ह्यांची तिथी आहे, तुम्ही आणि भट्टीवाले, दोघांनी जेवायला यायचं, म्हणाल्या. काका नको नको म्हणत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना अक्षरशः हाताला धरून पत्र्याच्या फाटकातून आत नेलं.

ओटीवर काकू आणि मुलगा यांची जुंपलेली. मुलाच्या हातात बाजारातून आणलेली केळीची पानं. वाडीत केळी असताना पान विकत आणणारा त्या घरातला तो पहिलाच असेल. आणि काकूंनी कुंपणालगतच्या रांगेतलं पान कापून, धुऊन, नवऱ्याच्या फोटोपुढे मांडलेलं.

"आई, बाबांचं पान तरी ह्याच्यावर नको. माझं ऐक."

काकू वडे तळून आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. "तुझ्या बाबांनी पाचूबंदरवरून कुजकी मासळी टोपलीने आणली ह्या केळींना घालायला. डोक्यावरून पाणी निथळायचं, गल्लीतली कुत्री मागे लागायची. तीनदा आंघोळ केली तरी मी त्यांना जवळ बसू देत नव्हते. त्या केळींची पानं सगळ्या गावाने लग्नात वापरली. तेव्हा मुडपलं कोणी? मी वाढते ह्याच पानावर. त्यांना नको असेल तर ते सांगतील. मला सांगतील, तुला नाही."

आणि वाढलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमटी, भात. कावळ्याचं मी काही सांगत नाही. कावळा आला, पण कावळा काय, कुठेही येतो. मी बघत होते त्या मुलाकडे. तो बापाच्या फोटोपुढे हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मग काकूंनी आमची पानं मांडली, त्याच रांगेतली. मी बसले. पहिला घास डोळे मिटून घेतला, खोटं नाही सांगत. मग दुसरा घेतला. मग वडा मागून घेतला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी खात होते, पान पुसून खाल्लं मी. काका माझ्याकडे न बघता जेवत होते.

मुलगा अजून उभाच. हातातली बाजारची पानं त्याने खांबाला टेकवली आणि काकांच्या शेजारी मांडी घातली.

"आई, वाढ," म्हणाला.

तो पोटभर जेवला, दोनदा भात घेतला. हात धुतले आणि वाडीत गेला. आम्हाला वाटलं सुपारी खायला गेला. बराच वेळ झाला. आला तो दोन्ही हातांत लाकडाचे खुंटे कवळून. बिल्डरच्या माणसाने मोजणीसाठी वाडीभर ठोकलेले, डोक्याला लाल रंग फासलेले खुंटे. बुडाला अजून ओली माती. त्याने ते सगळे काकांच्या पायाशी ओतले.

"काका, भट्टीला जळण लागतं ना? हे घ्या."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. काकांनी एक खुंटा उचलला, हाताची उलटी बाजू लावली, नखाने तो लाल रंग खरवडला आणि मान हलवली.

"ऑइलपेंट आहे. हा माझ्या भट्टीत चालणार नाही," ते म्हणाले. "आधी रंग तासून आण."

मुलगा आईच्या कमरेचा कोयता मागून घेऊन ओटीवरच तासायला बसला.